पुलाखालचा वाघ

चावीकाकांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे उभं राहायची सोय नव्हती. उभं राहिलं की डोकं पायरीवर आपटायचं. म्हणून काका दिवसभर बसलेले आणि गिऱ्हाईक बाहेर उभं. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, खिळ्याखिळ्याला कोऱ्या किल्ल्यांचे झुबके. जिन्यावरून कुणी धावत गेलं की सगळं दुकान किणकिणायचं. पायाशी तेलाचा एक मोठा डबा असे. गंजून बसलेली कुलपं त्यात बुडवून ठेवायची आणि ती आपणहून सैल होईपर्यंत त्यांच्या वाटेला जायचं नाही, हा काकांचा नेम.

"गंजलेल्यावर जोर करायचा नसतो, भिंगरे," ते नातीला सांगत. "त्याला तेलात बसू द्यायचं. मग ते स्वतःच म्हणतं, उघडा मला."

भिंगरी सात वर्षांची. शाळा सुटली की ती दुकानात येई आणि आईबाबा कामावरून परतेपर्यंत आजोबांजवळ थांबे. ती एका जागी बसू शकते यावर घरात कुणाचा विश्वास नव्हता. हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. पण काकांनी, म्हणजे तिच्या आबांनी, एकदा एक मोडकं कुलूप मधोमध कापून तिला आतलं दाखवलं, तेव्हा ती चक्क श्वास रोखून बसली.

"हे बघ, आत छोटे छोटे पहारेकरी उभे आहेत. प्रत्येकाची उंची वेगळी. किल्लीच्या दातांनी प्रत्येकाला हवं तेवढंच उचललं की सगळे एका ओळीत येतात. मग दार उघडतं."

"आणि एकाला जास्त उचललं तर?"

"तर बंद. बाकीचे सगळे ऐकत असले तरी एक अडला की दार अडलं."

भिंगरीने त्या अडणाऱ्या पहारेकऱ्याकडे बोट रोखून डोळे वटारले. काका खूश झाले. ज्याला कुलपाचा राग येतो त्याला कुलूप कळतं, असं त्यांचं मत होतं.

आता, जगातलं प्रत्येक कुलूप कधी ना कधी उघडतं हे ज्याला माहीत, त्याचा बंद दारावर भरवसा कसा बसावा? त्यात काकांच्या बाबतीत एक घटना घडली होती. तरुणपणी त्यांनी कोपऱ्यावरच्या एका छोट्या बँकेत पैसे ठेवले होते. त्या बँकेच्या दाराचं कुलूपही त्यांनीच बसवलेलं. एका सकाळी दार उघडलंच नाही. बाहेर ही गर्दी! कुणी रडतंय, कुणी शिव्या देतंय. शेवटी अधिकारी आले आणि कुलूप उघडायला त्यांनी बोलावलं कुणाला, तर चावीकाकांना. काकांनी आपलंच कुलूप आपल्याच हाताने उघडलं. आत टेबलं होती, खुर्च्या होत्या, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. पैसा तेवढा नव्हता.

"कुलूप मात्र उत्तम होतं हो," ही गोष्ट सांगताना ते शेवटी नेहमी म्हणत. "शेवटपर्यंत हललं नाही. राखायला आत काही नव्हतं, एवढंच."

तेव्हापासून बँक हा शब्द ऐकला की काका कानाची पाळी खाजवत. पैसे कधी पिठाच्या डब्यात, कधी गादीत, कधी देवालाही कळणार नाही अशा जागी. अशात तीन वर्षांपूर्वी एक तरुण घराबाहेर अडकला. काका दार उघडत होते तोवर तो पायरीवर बसून मोबाइलवर काहीतरी बघत होता. ते काहीतरी म्हणजे क्रिप्टो, कॉम्प्युटरवर चालणारं नाणं. काकांनी कुलपात सळई घातल्या घातल्या चौकशी सुरू केली.

"याचा मालक कोण?"

"कुणीच नाही, काका."

"मॅनेजर?"

"तोही नाही. जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर सगळ्या व्यवहारांची नोंद असते. एकाने खोटं लिहिलं तर बाकीचे मान्य करत नाहीत."

"म्हणजे पैसे घेऊन पळून कोण जाणार?"

"पळायला कुणी आहेच कुठे? पण भाव फार वरखाली होतो बरं का. जेवढं गेलं तरी झोप लागेल तेवढंच टाकायचं."

यातलं दुसरं वाक्य काकांनी ऐकलं, पण पहिलं त्यांना फार आवडलं. पळायला कुणी नाही! कुलूप उघडून होईपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता. त्या तरुणाने पैसे ठेवायचं पाकीट, म्हणजे वॉलेट, मोबाइलवर काढून दिलं आणि मोबाइलने काकांना बारा शब्द दाखवले. शब्द इंग्रजी, पण सोपे. पहिलीच्या पुस्तकात चित्रासकट असतात तसले. हीच किल्ली, तरुण म्हणाला. मोबाइल हरवला, मोडला, तर हे बारा शब्द याच क्रमाने घातले की पाकीट परत मिळतं. कुणाला सांगायचे नाहीत. विसरायचे नाहीत.

काकांनी ते कागदावर उतरवले आणि आठवडाभर कागदाने त्यांची झोप उडवली. कागद जळतो. कागद भिजतो. कागद खिशातून पडतो. मग एका संध्याकाळी भिंगरीने, ती तेव्हा चार वर्षांची होती, गोष्ट सांगा म्हणून शर्ट ओढला आणि काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. गोष्ट कोण चोरणार?

एका माकडाने शिडी आणली आणि चंद्राला टेकवली. वर जाऊन पाहिलं तर तिथे खायला काही नाही. मग त्याने छत्री उघडून खाली उडी मारली, ती थेट नदीत. वाहत वाहत ते एका पुलाखाली आलं... असं करत करत बाराही शब्द मराठी होऊन एका माळेत ओवले गेले. माकड शेवटी झोपी जाई, आणि भिंगरीही. त्या रात्री काकांनी कागद फाडून टाकला. रोज उजळणी होणारी अशी किल्ली जगात दुसऱ्या कुणाकडे असेल?

किल्ली कुठली ते न सांगता ही बढाई मारायला हक्काचं माणूस एकच होतं, विहीणबाई. त्यांच्या मुलीशी काकांच्या मुलाचं लग्न झालेलं, आणि त्या राहायला दोन इमारती सोडून. रोज संध्याकाळी नातीला बघायला येत आणि व्याह्यांशी भांडून ताज्यातवान्या होऊन घरी जात. सगळी नोकरी त्यांनी एका मोठ्या बँकेत केली होती. भिंगरी त्यांना बँकआजी म्हणे.

"काय व्याहीबुवा, आज नाणं चढलंय की उतरलंय?" चपला काढता काढता त्या विचारत.

"उतरलंय. पण जागेवर आहे."

"दिसतं का?"

"तुमच्या बँकेतलं दिसतं का?"

"आमच्याकडे माणूस दिसतो! उठून जाऊन विचारता येतं. एकदा आमच्या बँकेबद्दल अफवा उठली होती. सकाळी रांग रस्त्यापर्यंत. साहेबांनी सांगितलं, दारं सताड उघडा, पंखे लावा, मागेल त्याला द्या. दुपारपर्यंत रांगेतले निम्मे लोक आपणहून घरी गेले. घेऊन काय करायचं, मिळतायत ना, म्हणाले."

"आणि आमच्या बँकेने दार लावून घेतलं," काका म्हणत. "तुम्हाला उघडं दार भेटलं, मला बंद. आता बोला."

दोघांनाही माहीत होतं, की दोघंही खरं बोलतायत.

एकदा मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती काकांच्या मनात कुसळासारखी राहिली. बँकेच्या तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या असतात, आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे. एकीनं दार उघडतच नाही. विहीणबाईंकडे त्यातली एक किल्ली कितीतरी वर्षं होती. बाळंतपणाला दवाखान्यात जातानासुद्धा आधी त्यांनी बँकेत जाऊन किल्ली सोपवली, सही घेतली, आणि मग कळा द्यायला मोकळ्या झाल्या.

"म्हणजे बँकेचा तुमच्यावर विश्वास नव्हता," काका डोळे मिचकावत म्हणाले.

"माझ्या एकटीवर नव्हता. असूही नये. दोघांवर मिळून होता."

दोन किल्ल्यांची कुलपं काकांनी हाताळली होती. पहारेकऱ्यांची रचना त्यांना तोंडपाठ होती. पण ती तशी का करतात, हा विचार त्यांनी कधी केला नव्हता. त्यांनी कानाची पाळी खाजवली आणि विषय बदलला.

तर असं सगळं छान चाललेलं असताना काकांचा जुना दोस्त, पलीकडच्या बाजारातला किल्लीवाला, दुकान बंद करून मुलीकडे राहायला निघाला. त्याच्याकडे एक मशीन होतं. हल्लीच्या गाड्यांच्या किल्ल्यांत चिप असते. नुसते दात कापून भागत नाही, आतली खूणही उतरवावी लागते. ते काम हे मशीन करायचं. ते नसल्यामुळे काकांच्या दुकानातून रोज दोनतीन गिऱ्हाइकं परत जात, आणि परत गेलेलं गिऱ्हाईक साधी किल्लीही मग दुसरीकडेच करतं. हे असंच चाललं तर जिन्याखाली लवकरच कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकत बसेल, हे काकांना दिसत होतं. दोस्ताने किंमतही दोस्तीची सांगितली.

"दुसरा एक जण रोख घेऊन उभा आहे," तो म्हणाला. "पण तुझ्यासाठी शनिवारी दिवे लागेपर्यंत थांबतो. पैसे पुढच्या आठवड्यात दे. शनिवारी फक्त 'घेतो' म्हण. तुझा शब्द मला पुरे."

काकांच्या पाकिटात तेवढं होतं. त्यांनी त्याच दिवशी हिशेब पडताळून पाहिला, समाधानाने मोबाइल वरच्या खिशात टाकला, आणि एका गंजक्या कुलपाचं काय झालं ते बघायला तेलाच्या डब्यावर वाकले.

बुळुक्.

भिंगरीने आत डोकावून पाहिलं. मोबाइल तळाशी, कुलपांच्या घोळक्यात, दिवा लावून बसला होता. मग दिवा विझला.

"आबा, आता तो म्हणेल का, उघडा मला?"

तो काही म्हणाला नाही. दुरुस्तीवाल्याने तर तेल निथळतानाच हात जोडले. पण काका डगमगले नाहीत. किल्ली पाठ होती ना! मुलाचा जुना मोबाइल मागून घेतला, दुकानात भिंगरीला शेजारी बसवलं आणि वॉलेट उघडून एकेक शब्द घातला. शेवटचा शब्द घालून त्यांनी मोठ्या ऐटीत बटण दाबलं.

शब्द जुळत नाहीत, असं मोबाइल म्हणाला.

काकांनी चष्मा पुसला. पुन्हा घातले. पुन्हा तेच. दोस्ताचा चेहरा, ते मशीन, जिन्याखालची मोबाइलची कव्हरं, सगळं डोळ्यांपुढून सरकलं.

"भिंगरे, आपली माकडाची गोष्ट सांग बघू. सगळी, पहिल्यापासून."

भिंगरी उभी राहिली, हात मागे बांधले आणि मान वर करून सुरू झाली. माकड, शिडी, चंद्र, छत्री, नदी, पूल. पुलाखाली मांजर. माकडाने ढोल वाजवला, मांजरीने घाबरून त्याला संत्रं दिलं...

"थांब! आधी संत्रं, मग ढोल ना?"

"नाही हो आबा! ढोल वाजवल्याशिवाय संत्रं कसं देईल? तुम्ही झोपेत असलात की चुकता. मी तुम्हाला कितीदा सांगितलंय."

काकांच्या जिवात जीव आला. बरोबर, ढोल आधी! मुलांना गोष्टीतलं एक पानसुद्धा इकडचं तिकडे झालेलं खपत नाही, हे किती बरं. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं.

"पण तू अशी हात मागे बांधून का सांगतेस?"

"बाईंनी शिकवलं. शाळेत गोष्टी सांगायची स्पर्धा होती ना? मी हीच सांगितली. दुसरा नंबर आला. ही बघा, पेन्सिलची पेटी."

"कुणासमोर सांगितलीस?"

"सगळ्यांसमोर! माइकवर."

काकांनी कपाळावर हात मारला. जगातली सगळ्यात गुप्त किल्ली, माइकवर, सगळ्या शाळेला, आणि बदल्यात पेन्सिलची पेटी! पण रडावं की हसावं हे ठरवायला वेळ नव्हता. ढोल आधी, संत्रं नंतर, असे शब्द घातले.

शब्द जुळत नाहीत.

"बँकआजीला विचारू या?" भिंगरी म्हणाली.

"नको."

"तिला सगळं आठवतं."

"म्हणूनच नको," काका म्हणाले. या जन्मात तरी ही पाळी येऊ नये, असं त्यांना वाटत होतं.

शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी शब्द उलटे घातले, सुलटे घातले, छत्री नदीच्या पलीकडे नेली, माकडाला शिडीवरून उतरवलं. काही हललं नाही. जेवणावर वासना नव्हती. सुनेने दोनदा विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?" त्यांनी दोनदा मान हलवली. सुनेने काय ओळखायचं ते ओळखलं आणि आपल्या आईला फोन केला. विहीणबाई चहाच्या वेळेच्या आधीच हजर.

"काय व्याहीबुवा, आज नाणं चढलंय की..." त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाक्य अर्धंच सोडलं. पिशवी खाली ठेवून त्या समोर बसल्या. "काय झालं?"

काकांनी डब्यापासून सगळं सांगितलं, फक्त शब्द तेवढे राखून.

"मग त्यांच्या ऑफिसात जा ना. तुम्ही कोण ते दाखवा, सही जुळवा. आमच्याकडे रोज एक तरी विसराळू यायचा."

"ऑफिस नाही."

"फोन करायला नंबर?"

"नाही."

"वरचे साहेब?"

"नाही ना हो विहीणबाई! साहेब नाही म्हणून तर मी तिथे गेलो."

"आणि आता साहेब हवाय."

गेली चाळीस वर्षं गल्लीतलं कुणीही दाराबाहेर अडकलं की धावत त्यांच्याकडे यायचं. आज ते स्वतः बाहेर अडकले होते, आणि या दाराला चावीकाका नव्हता.

त्यांना वाटलं, आता व्याख्यान होणार. पण विहीणबाई पदराशी चाळा करत वेगळंच बोलल्या. "साहेब आमच्याकडेही हल्ली भेटत नाही. परवा बँकेत फोन केला तर मशीन बोललं. एक दाबा, दोन दाबा, पुन्हा एक दाबा. शेवटी कंटाळून गेले, तर खिडकीतल्या मुलीने मलाच विचारलं, आजी, फॉर्म भरता येतो का? मला! मी तो फॉर्म छापायला दिला होता." त्या हसल्या, पण फार नाही. "तेव्हा माझं काही ऐकू नका. पैसे हवे असले तर मी देते."

"बँकेतले?"

"बँकेतले पैसे चावतात का?"

"चावत नाहीत. पण कष्टाने साठवलेलं माझं माझ्या डोळ्यांसमोर असताना तुमचं घेऊन दोस्ताला शब्द देणं मला जमणार नाही."

"मग पैसे नका घेऊ. शब्द सांगा, शोधायला मदत करते."

कुणाला सांगायचे नाहीत, असं तो तरुण म्हणाला होता. काका खिडकीबाहेर बघत राहिले. ऊन समोरच्या भिंतीवर चढत चाललं होतं. दिवे लागायला आता फार वेळ नव्हता. या बाईंना त्यांनी ओळखायचं कशावरून? सही घेतल्याशिवाय दवाखान्यात न जाणारी बाई. लग्नात उरलेल्या अक्षतांच्या पुड्यासुद्धा मोजून परत करणारी बाई. वीस वर्षं तिजोरीची एक किल्ली गळ्यात घालून हिंडली आणि तिजोरीतल्या पैशाने स्वतःचं कपाट कधी भरलं नाही. बँक जाऊ द्या खड्ड्यात, पण ही?

"भिंगरे," ते म्हणाले, "बँकआजीला माकडाची गोष्ट सांग."

"हात मागे बांधून?"

"बांध."

विहीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "व्याहीबुवा, ही? हीच तुमची किल्ली? ही गोष्ट तिने शाळेत..."

"माहीत आहे. ऐका आता."

भिंगरीने घसा खाकरला. माकड, शिडी, चंद्र, छत्री, नदी, पूल. पुलाखाली होती एक मांजर...

"मांजर?" विहीणबाई म्हणाल्या. "मांजर कुठून आली?"

"पुलाखाली असते ना ती, आजी."

"अगं, मांजर कशाला असेल! पुलाखाली वाघ होता."

"वाघ?" काका आणि भिंगरी एकदम म्हणाले.

"वाघ म्हणजे वाघ! विसरलात? चार वर्षांची होती ही. बालवाडीच्या वाटेवर तो ओढ्यावरचा छोटा पूल लागतो. एक दिवस पुलापाशी आली आणि फतकल मारून बसली. खाली वाघ आहे म्हणे, आबांनी सांगितलंय. आठवडाभर जातायेता मी हिला कडेवर घेऊन पूल ओलांडला. माझी कंबर अजून त्या वाघाची आठवण काढते. शेवटी इथे, याच खोलीत, मी तुमच्याशी भांडले. आठवतंय? तुम्ही म्हणालात, बरं बाई, वाघ गेला, उद्यापासून मांजर."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. हळूहळू, तेलात मुरलेलं कुलूप सैल व्हावं तसं त्यांना आठवू लागलं. भिंगरीचे रडून सुजलेले डोळे. विहीणबाईंचा कंबरेवरचा हात. आणि आपण केलेला तो एवढासा बदल. पोर घाबरते म्हटल्यावर वाघाला हाकलायला त्यांना क्षणही लागला नव्हता. किल्लीचा एक दात आपण घासून टाकतोय, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पुढे तीन वर्षं सांगून सांगून मांजर इतकी खरी झाली, की वाघाचं नखसुद्धा उरलं नाही.

त्यांनी मोबाइल उचलला. "विहीणबाई, चष्मा धुरकट झालाय. तुम्हीच घाला."

"मी? मला दिसतील सगळे शब्द."

"दिसू द्या."

विहीणबाईंनी चष्मा नाकावर सरळ केला आणि बँकेत नोटा मोजताना बसत तशा ताठ बसल्या. भिंगरी गोष्ट सांगत गेली, काका शब्द सांगत गेले, त्या घालत गेल्या. पूल. वाघ. ढोल. संत्रं. अखेर माकड झोपलं.

मोबाइलने क्षणभर विचार केला, आणि पाकीट उघडलं.

भिंगरीने स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या. सून स्वयंपाकघरातून धावत आली, तर सासरे आणि आई एका मोबाइलवर वाकून लहान मुलांसारखे टाळ्या पिटतायत.

"नाणं उतरलेलंच आहे हो," विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"असू दे. मशीनपुरतं आहे!" काका म्हणाले, आणि जिन्याने निघाले ते चपला उलटसुलट घालूनच. दिवे लागायच्या आत दोस्ताला शब्द गेला.

पुढच्या आठवड्यात मशीन जिन्याखाली आलं. त्याला जागा करायला तेलाचा डबा बाहेर पायरीवर गेला, आणि काकांनी त्यावर झाकण बसवलं. विहीणबाई दुकान बघायला आल्या तेव्हा काकांनी कानाची पाळी खाजवत विषय काढला.

"ते तुमचं दोन किल्ल्यांचं... उरलेल्या नाण्यासाठी म्हणतोय. शाळेने माइकवर मांजर ऐकली, वाघ नाही, म्हणून वाचलो. सहा शब्द माझ्याकडे राहतील, कागदावर. दुसरे सहा तुमच्याकडे."

"माझ्याकडे नाही. माझ्या लॉकरमध्ये. उद्या मी पाय घसरून पडले तर?"

"बँकेच्या लॉकरमध्ये?"

"बँकेच्या."

काकांनी बराच वेळ एका कोऱ्या किल्लीचं टोक चोळलं. मग म्हणाले, "बघायला तर येतो."

तिघं गेली. त्या बुडालेल्या बँकेनंतर काका पहिल्यांदाच बँकेत पाऊल टाकत होते. लॉकरच्या खोलीत एका बाईंनी बँकेची किल्ली लावली, विहीणबाईंनी आपली लावली, दोन्ही फिरल्या आणि छोटंसं दार उघडलं. काकांनी वाकून, आपल्या धंद्याच्या नजरेने, आत पाहिलं.

"विहीणबाई," ते कुजबुजले, "हे कुलूप मी चहा थंड व्हायच्या आत उघडेन."

"ठाऊक आहे. म्हणून तर बाहेर तो मिशीवाला बसवलाय."

काकांनी दाराकडे पाहिलं. मिशीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग काकांनी खिशातून चिठ्ठी काढून विहीणबाईंच्या हातात दिली आणि त्यांनी ती आत ठेवेपर्यंत नजर हलवली नाही. बँकेवर त्यांचा विश्वास बसला असं म्हणता येणार नाही. अर्ध्या बँकेवर बसला असेल फार तर.

परतताना ते ओढ्यावरच्या पुलावरून आले. भिंगरी मधोमध थांबली, कठड्याला लोंबकळून खाली वाकली आणि तिने पाण्यात एक खडा टाकला.

"आबा, आता मी मोठी झालेय. रात्री गोष्टीत मला वाघ चालेल."

"नाही!" दोघंही एकदम ओरडले. "मांजरच!"

भिंगरीने आबांकडे पाहिलं, बँकआजीकडे पाहिलं आणि मान हलवली. एवढी मोठी माणसं, आणि वाघाला इतकी घाबरतात! तिने एका हाताने आबांना धरलं, दुसऱ्या हाताने आजीला, आणि दोघांनाही सांभाळून पूल ओलांडून दिला.